कोवळं इंधन

"रंगकाम चालू होतं, निरीक्षकाने विचारलं तर एवढंच सांगायचं," धाकट्या दिराने चहात बिस्किट बुडवत म्हटलं. "कॅमेऱ्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणून कापड टाकलं होतं. तेवढ्या वेळात तलावातलं काही हललं नाही. बस, वहिनी."

"आपल्या भिंतींचे पोपडे चहात पडायला लागलेत भावोजी, त्यांना कधी रंग मिळाला नाही. आणि त्या तलावाच्या हॉलला वर्षात दोनदा?"

एरवी तो हसला असता. वहिनीच्या टोमण्यांवरच तर लहानाचा मोठा झाला होता. आज बिस्किट चहात विरघळून गेलं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

दोघं एकाच अणुवीज केंद्रात कामाला होते. बाहेरदेशाहून येणाऱ्या निरीक्षकांना तो केंद्र दाखवायचा. ती यंत्र चालवायची. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन उचलून खोल पाण्याच्या तलावात नेऊन ठेवणारं. इंधनाचं बंडल भट्टीत चांगलं वर्षभर राहिलं की त्यातून पुरेपूर वीज निघते, आणि मग बॉम्ब करणाऱ्याला ते तितकंसं सोयीचं राहत नाही. कोवळं असतानाच बाहेर काढलं तर वीज हातची जाते, पण बॉम्बला हवा तसा माल मिळतो. केंद्रातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. म्हणून तर तलावावर कॅमेरा, कॅमेऱ्याला सील आणि अधूनमधून निरीक्षक.

हिवाळ्यापासून तिला कोवळी बंडलं काढायचे हुकूम येत होते. चाचणी आहे, असं वरून सांगितलं होतं. मग रंगकाम निघालं आणि तिला न मागता रजा मिळाली. परत आली तर सगळी बंडलं जागच्या जागी. निदान वरून तरी तसंच दिसत होतं.

"कोवळी बंडलं गेली ना?" तिने विचारलं.

"देशाचं काम आहे, वहिनी."

"मग देशाला सांगून करा. चोरून कशाला?"

"तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? तुम्ही फक्त यंत्र चालवता. बॉम्ब काय तुम्ही करणार आहात?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फक्त यंत्र. आणि केंद्र उभं राहताना गावातल्या बायका रस्त्यावर आडव्या बसल्या होत्या, तेव्हा साहेबलोकांना हीच बरी आठवली होती. गावची लेक आहे, तिचं ऐकतील. सगळ्यांत पुढे बसली होती तिची आत्या. आई गेल्यावर जिने तिला वाढवलं, ती. आत्याचं घर, परसातली विहीर, सगळं कुंपणाच्या आत जाणार होतं. आत्याने घराबद्दल चकार शब्द काढला नव्हता. एवढंच विचारलं होतं, "यातून माणसं मारायचं काही करणार नाहीत ना, बयो?" तिने देवाची शपथ घेऊन सांगितलं होतं, फक्त वीज. आत्या गुडघ्यांवर हात टेकून उठली, आणि तिच्यामागून सगळ्या उठल्या.

त्या शपथेवर आता यांनी कापड टाकलं होतं.

निरीक्षक दुपारी आला. पाठीत वाकलेला, सौम्य गृहस्थ. त्याने कॅमेऱ्याचं सील तपासलं, कठड्यावरून वाकून तलावातली बंडलं मोजली. मोजणी बरोबर भरली. मग त्याने हॉलचे दिवे घालवायला सांगितले. भट्टीतून आलेलं बंडल अंधारात पाण्याखाली निळं उजळतं. त्याच्या जागी नुसतीच रिकामी नळकांडी ठेवली असतील तर तिथे उजेड नसतो.

"आज जमणार नाही हो," दीर लोण्यासारख्या आवाजात म्हणाला. "वर क्रेनचं काम चाललंय. सुरक्षेचा नियम आहे."

निरीक्षकाने घड्याळ पाहिलं. संध्याकाळी त्याचं विमान होतं. त्याने वही मिटली, पेनाचं टोपण लावायला घेतलं, आणि जाताजाता तिला विचारलं, "रंगकामाच्या वेळी इथलं काही हललं नव्हतं ना?"

इतक्या लांबून आलेला माणूस, तोही न बघताच निघालेला. तिला त्याचाही संताप आला.

"मला तेव्हा रजा दिली होती," ती म्हणाली. तिचा आवाज कधी चढायचा नाही, आताही चढला नाही. "आणि क्रेन सकाळपासून बंद आहे. तुम्हीच बघा."

दिव्यांची बटणं तिच्याच टेबलाशी होती. तिने एकेक करून सगळी खाली केली.

तलाव निळा उजळला. शांत, तळापर्यंत निळा. फक्त पलीकडच्या भिंतीलगतच्या रांगा काळ्याठिक्कर होत्या.

"वहिनी, दिवे लावा," अंधारातून दिराचा आवाज आला.

"पाहुण्यांचं बघून होऊ दे."

निरीक्षक कठड्यावर वाकला तो बराच वेळ सरळ झाला नाही. मग त्याने विचारलं आणि तिने सांगितलं. हुकूम कधीपासून, तोंडी कोणी दिले, बंडलं भट्टीच्या कोणत्या बाजूची. दिराचंही नाव घेतलं.

बाहेरच्या बोळात दिराने तिला गाठलं. चेहरा पांढराफटक. "दादाची नोकरी, आपलं क्वार्टर, कशाचाच विचार केला नाहीत. कुठे निघालात?"

"आत्याकडे."

"आता तिचं काय मध्येच?"

"तिला रस्त्यावरून मी उठवलं होतं," ती म्हणाली. "बाकीच्या बायकांनाही तिथेच बोलावून घेते. तुम्ही काय केलंत ते तुमच्या तोंडून ऐकायचं असेल त्यांना. येता का?"

तो भिंतीला टेकून उभा राहिला. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातात दिलं आणि पायऱ्या उतरू लागली.