उजवीकडची जागा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण आमची तरणी घोडी तबेल्याच्या दारातून बाहेर पडताना उजव्या अंगाला एक माणूस मावेल एवढी जागा सोडून चालायची. तिथे कोणीच नसायचं. माझ्या अंगावर काटा यायचा.

माझा धाकटा भाऊ डावखुरा. सगळं जग घोड्याच्या डाव्या बाजूला उभं राहतं, हा पठ्ठ्या उजव्या. दोर धरणं, खरारा, खोगीर, सगळं तिकडूनच. शिंगरू असल्यापासून घोडीला त्यानेच वाढवलं. घोड्याला दोन्ही अंगांनी शिकवावं लागतं रे बाबा, म्हणून मी कानीकपाळी ओरडले. तो नुसता हसायचा. थंडीत तापाचं निमित्त झालं आणि गेला.

घोडी माझ्या गळ्यात पडली. उजवीकडे लोण्यासारखी वळायची, डावीकडे म्हटलं की लाकूड. मान ताठ, बरगड्या ताठ. मी डावीकडे दोर धरून उभी, आणि ही उजवीकडे बघत कान टवकारायची. डॉक्टरांनी दात बघितले, पाठ दाबून बघितली. दुखणं काहीच नव्हतं. पण सगळा भार डाव्या खांद्यावर येतोय, असंच चाललं तर घोडी कायमची लंगडी होईल, असं त्यांनी बजावलं.

भावजय रोज कुंपणापाशी येऊन उभी राहायची. ती घोडीकडे बघत नसे, घोडीच्या उजवीकडे बघे.

एकदा म्हणाली, "ताई, नका ना तिला सरळ करू."

मला राग आला, तिचाही आणि मेलेल्या भावाचाही. लंगडी घोडी काय पूजेला ठेवायची, असं मी फाडकन बोलून गेले. नंतर जेवण गेलं नाही.

काम मात्र सोडलं नाही. मोठं रिंगण, सावकाश चाल. डाव्या बरगडीला बोटांनी हलकेच दाबायचं, मान जराशी सैल पडली की लगेच दोर ढिला. जबरदस्ती केली की ती आणखी ताठायची, अगदी आमच्या घराण्याची.

एका सकाळी तिने लांब श्वास सोडला, डोकं खाली घातलं आणि डावीकडे वळली. अख्खं रिंगण, मऊसूत. थांबून माझ्याकडे बघत रिकामंच तोंड चघळू लागली, घोडं मनातून सैलावलं की करतं तसं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

कुंपणापाशी भावजय उभी होती.

"आता गेले हे," ती म्हणाली.

मी घोडीचा गाल धरला आणि तिचं तोंड हाताने उजवीकडे वळवलं. बघ गं, एकदा बघ. तिने बघितलं. कान टवकारले नाहीत, सैलच राहिले. मग ती पुन्हा माझ्याकडे वळली आणि माझा खिसा हुंगू लागली.