पौर्णिमा योगा ग्रुप

"केरसुणी ओलांडायची न्हाई म्हंजे न्हाई. लक्ष्मी असती ती," अपेक्षा कमरेवर हात ठेवून दारातच उभी राहिली.

"अगं, आत्ता आपण तिनंच जागा झाडली ना? आता ती उंबऱ्यात आडवी ठेवायची आणि एकेकीनं ओलांडून आत यायचं. पुस्तकात तसं दिलंय," मी म्हणाले.

"पुस्तक लिवणारीची सासू खालच्या खोलीत बसलेली नसंल. माजी बसलीया."

शेवटी तडजोड झाली. केरसुणी भिंतीला टेकवली, तिला हळदीकुंकू लावलं आणि आम्ही तिघी तिच्या शेजारून अंग चोरून आत गेलो. समीक्षानं मोबाइलवर उत्तर दिशा काढली. ती नेमकी फेशियलच्या खुर्चीखाली निघाली. खुर्ची सरकवली, अपेक्षाच्या पार्लरच्या फरशीवर मिठाचं वर्तुळ आखलं आणि दुपारी चार वाजता आमचं पौर्णिमेचं पूजन सुरू झालं. चंद्र उगवायला अजून अडीच तास होते. पण संसारी बायकांना रात्री घराबाहेर कोण सोडतंय? चंद्रानंच जरा सांभाळून घ्यावं, असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

मी रेश्मा. कराड-विटा रस्त्यापासून आत असलेल्या आमच्या गावात पोस्ट चालवते. माहेर वाईचं. नवरा, अर्जुना, फौजेत. वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो. गावात मी 'पोस्टाच्या म्याडम', सासूबाईंसाठी 'अगं ए', आणि लग्नपत्रिकांवर 'श्री. व सौ.' मधली सौ. दिवसभर दुसऱ्यांच्या नावांवर शिक्के मारायचे आणि स्वतःचं नाव आठवडा आठवडा कानावर पडायचं नाही, असं माझं चाललेलं. गेल्या हिवाळ्यात मोबाइलवर एका परदेशी बाईचा व्हिडिओ लागला. विक्का म्हणून तिकडे निसर्गपूजेचा एक पंथ आहे, त्यात माणसं लहान गट करून चंद्राच्या तिथीला जमतात, त्या गटाला कोव्हेन म्हणतात, आणि अगदी नवख्यानंही तो कसा सुरू करावा, हे ती समजावून सांगत होती. तिचं एक वाक्य मनात रुतून बसलं. वर्तुळात कुणी कुणाची बायको नाही, कुणाची सून नाही. तिथं प्रत्येकीला नुसत्या नावानं हाक मारायची.

झालं. मी पुस्तक मागवलं. माझ्याच पोस्टात आलं, मीच सही करून घेतलं. अपेक्षाला विचारलं, ती पार्लरमध्ये गिऱ्हाइकाविना कंटाळलेली होती. समीक्षा आमच्या गल्लीतली, कराडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिला परदेशी म्हटलं की सगळंच पटतं. मोबाइलवर गट काढला, त्याला 'पौर्णिमा योगा ग्रुप' असं नाव दिलं, म्हणजे घरच्यांची काही हरकत नको. एक वही केली. पहिल्या पानावर नियम लिहिले आणि त्यातला पहिला लाल शाईनं: कुणालाही इजा होता कामा नये. अपेक्षाच्या तोंडून सुरुवातीला 'रेश्माताई'च निघायचं. मग एकदा जीभ चावून ती नुसतं "रेश्मा" म्हणाली, आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेवढंच हवं होतं. चंद्र असता काय, नसता काय.

इथवर लिहिताना हसू येतं. पुढचं लिहायचं म्हणजे हात जड होतो, पण लिहायला हवं.

पूजेला झाडपाला लागायचा. तो बयाबाई आणून द्यायची. बयाबाई धनगराची, सत्तरीला टेकलेली, गावाबाहेर माळावर एकटी राहायची. नवरा गेल्यावर मेंढरं विकली. निरगुडी, गवती चहा, असलं काहीबाही आणून विकायची. पण तिचं खरं काम तान्ही बाळं न्हाऊ घालण्याचं. अर्धं गाव तिच्या लांब केलेल्या पायांवर पालथं पडून न्हालं होतं, माझा नवरासुद्धा. बाळंतिणीच्या घरी तिला पहिला चहा मिळे, बसायला पाट मिळे. त्या मानावरच ती जगत होती. मी निरगुडी मागितली तेव्हा तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. तिच्या सवयीप्रमाणे जुडीला काळ्या लोकरीचं सूत गुंडाळून दिलं.

केरसुणीच्या त्या पौर्णिमेला आम्ही केला तो भरभराटीचा विधी. लिंबात रंगीत टाचण्या टोचायच्या आणि प्रत्येक टाचणीबरोबर मैत्रिणीसाठी एक चांगली इच्छा बोलायची. टाचण्या अपेक्षाकडच्या साडीच्या. समीक्षाला नोकरी लागू दे, अपेक्षाचं पार्लर चालू दे, असं करत लिंबू भरून गेलं. मग ते सगळं उघड्यावर, झाडाखाली, मातीला द्यायचं असतं.

"निर्माल्य हाय, कृष्णेत सोडूया. मी उद्या कराडला चाललीया," अपेक्षा म्हणाली.

"नदीत नाही. मातीलाच द्यायचं, तसं लिहिलंय," मी म्हणाले. गटाची प्रमुख मी होते ना!

आणि दिवस मावळायच्या आत, पार्लरमधून घरी जाता जाता, टाचण्या टोचलेलं लिंबू, तांदूळ, अर्धी जळालेली लाल मेणबत्ती आणि निरगुडीची जुडी मी तिकटीवरच्या कडुलिंबाच्या झाडाखाली ठेवून आले. तीन रस्ते मिळतात तिथं. रस्त्यात नुसतं लिंबू दिसलं तरी माणसं गाडी वळवून नेतात, त्या मुलखात. मी वाईची असले तरी लिंबू आणि तिकटी म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात सगळं पुस्तकातलं होतं, आणि पुस्तकात झाड म्हणजे नुसतं झाड होतं.

झाड नानासोंच्या बांधावरचं. नानासो गावातले मोठे ऊसवाले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या चार महिन्यांच्या नातवाला ताप भरला, कराडला दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याच सकाळी त्यांचा गडी गुंडा ट्रॅक्टर घेऊन जाताना ते सगळं बघून आला. काळ्या लोकरीचं सूत गावात एकच बाई वापरत होती, आणि तीच रोज त्या बाळाला न्हाऊ घालत होती. एवढं पुरे झालं.

बाळ पाच दिवसांत बरं होऊन घरी आलं. डासांचा ताप, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद कुणी वाचला नाही. रविवारी सकाळी बिरोबाच्या देवळात माणसं जमली. मी सासूबाईंबरोबर बायकांच्या बाजूला बसले होते. पुजारी कोंडीबानं भंडाऱ्याचं ताट बयाबाईपुढं ठेवलं. बिरोबाचा भंडारा हातात घेऊन धनगर माणूस खोटं बोलत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"उचल आन् म्हण," नानासो म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

बयाबाईनं मूठभर भंडारा उचलला. "तिकटीवर म्या काय ठेवल्यालं न्हाई. लेकराचं वाईट म्या चितल्यालं न्हाई. बिरोबाची आन हाय."

माणसं जरा सैल झाली. मीही श्वास सोडला. एवढ्यात कोंडीबा म्हणाला, "आता आसं म्हण, कुणी ठेवलं त्ये मला ठावं न्हाई."

बयाबाईचा हात तसाच राहिला. ती भिंतीकडं बघत होती. बायकांच्या बाजूला तिनं एकदाही पाहिलं नाही. मग तिनं मुठीतला भंडारा हळूच ताटात परत सोडला आणि हात पदराला पुसला.

"येवढं म्हणत न्हाई," ती म्हणाली.

"ठावं हाय तर नाव घे की!"

"त्येबी घेत न्हाई."

देवळात एकच कालवा झाला. "बगितलंस? हिचंच काम हाय," सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. असा कुणावर करणीचा आळ घेणं कायद्यानं गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. तसा फलक पोस्टाच्या भिंतीवर मीच चिकटवला आहे. मला फक्त उभं राहायचं होतं. चार शब्द बोलायचे होते. मांडीवरचा मोबाइल थरथरला. अपेक्षाचा निरोप होता: "सगळे फोटो डिलीट कर." आणि मी, बयाबाईकडं पाठ फिरवून, देवळात बसून, एकेक फोटो पुसत राहिले.

दुपारी तिच्या खोपटाकडं गेले. ती भांडी पोत्यात भरत होती.

"मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"जुडी कुणाला दिली त्ये इसरीन व्हय गं? म्हातारी हाय, येडी न्हाई."

"मग सांगितलं का नाही?"

ती काम थांबवून माझ्याजवळ आली. "पोरी, नवरा तिकडं बॉर्डरवर. रातध्याड जीव टांगणीला. त्येच्यासाठी कायबाय केलं आसशील. कुणी शिकवलं आसंल तसं. न्हाऊ घातलंय म्या अर्जुनाला. त्येच्यावरनं टाकल्याला उतारा चावडीवर मांडू काय?"

मी अर्जुनासाठी काही केलं नव्हतं. त्या सगळ्या लिंबात त्याच्या नावाची एक टाचणी नव्हती. मला माझं नाव ऐकायचं होतं, म्हणून हा सगळा खेळ. हे तिला सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं, तर "होय मावशी." देवळातल्या गप्प बसण्यापेक्षा मला या दोन शब्दांची लाज जास्त वाटते.

"मी नानांना सांगते. तुम्ही जाऊ नका," मी कशीबशी म्हणाले.

"सांगून काय व्हतंय? कालच्यान कुणी लेकरू देत न्हाई माज्याकडं. हौसाच्या बाळंतीण सुनंनं दार लावून घेतलं." मग जणू माझीच समजूत घालावी तसं ती म्हणाली, "लेक हाय आटपाडीला. बगंल की."

दोन दिवसांनी ती सकाळच्या एसटीनं गेली. थांबा पोस्टासमोरच आहे. मी आत शिक्के मारत होते, आणि गाडी सुटेपर्यंत मान वर केली नाही.

नानासोंकडं जायला मला त्यानंतरही चार दिवस लागले. रोज ठरवायची आणि रोज काहीतरी निघायचं. अपेक्षा गटातून बाहेर पडली होती, तिच्या मागोमाग समीक्षा. शेवटी शनिवारी पोस्ट बंद करून सरळ त्यांच्या सोप्यात जाऊन उभी राहिले. नानासो सुपारी कातरत होते.

"नाना, तिकटीवर ते मी ठेवलं होतं."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"लिंबू, टाचण्या, निरगुडी, सगळं. बयामावशीकडनं पाला आणला तो मीच. एका पुस्तकात वाचून केलं. कुणाचं वाईट व्हावं म्हणून नाही. पण ठेवलं मी."

मग ते हसले, अगदी मायेनं.

"बसा म्याडम. आवं, तुमी शिकल्यासवरल्या बाई. सरकारी नोकरी, फौजी घर. तुमी आसलं करशीला व्हय?"

"खरं सांगते नाना. वही दाखवते."

"मला ठावं हाय, तुमचा जीव त्या म्हातारीसाठी तुटतुया. तुमच्या मालकांना न्हाऊ घातलं तिनं. पण म्हणून सोतावर घेऊ नगा. लोकं लय वंगाळ आस्त्यात, उद्या तुमच्यावरच उलटत्याल." त्यांनी आत हाक मारली. "रेश्माम्याडम आल्यात गं! च्या टाका."

माझं नाव. आमच्या वर्तुळाबाहेर गावात पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव घेतलं होतं.

सून चहा घेऊन आली. कडेवर बाळ होतं, तापानं जरा वाळलेलं. सासऱ्यांचं बोलणं तिनं आतून ऐकलं असावं. तिचे डोळे भरून आले होते. "दुसऱ्याचा दोष आपल्यावर घ्यायला लय मोठं मन लागतंय," ती म्हणाली. "म्याडम, जरा घ्या की ह्येला. बयाबाई गेल्यापास्नं कुणाकडंच ऱ्हात न्हाई बगा. तुमच्यासारखीचा हात लागू द्या."

मी नको म्हणायला हवं होतं. हात मागे घ्यायला हवे होते. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, वर त्याचं झबलं सारखं केलं, आणि निर्धास्तपणे आत दूध बघायला निघून गेली.