ताईची तिरकी वाट

"सामानाजवळ आज तू बस," असं मला सांगून ताई जीपमधून खाली उतरली.

मी घाईघाईने खिशातला कागद काढला. सहलीचा सगळा कारभार माझ्याकडे असतो आणि रोजचं वेळापत्रक मी आधीच लिहून ठेवतो. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: सकाळी सात, वाळूची मोठी टेकडी, ताई जीपमध्ये. आमच्या घरात यात नवीन काही नव्हतं. किल्ला असो, दीपगृह असो, आम्ही वर जायचं आणि ताईने खाली पिशव्या आणि बाटल्या सांभाळायच्या. परत आलो की ती विचारायची, "वरून काय दिसतं रे?" आम्ही धापा टाकत म्हणायचो, "मस्त!" छप्पन्न वर्षांत तिच्या वाट्याला 'वर' आलं ते एवढंच.

ताईचा उजवा पाय जन्मापासून डाव्यापेक्षा अडीच इंच आखूड आहे. त्या पायातल्या बुटाला जाडजूड तळ लावलेला असतो, तरी ती लंगडतेच. दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे ती तीस वर्षं उंच स्टुलावर बसते आहे. तिच्याकडून गोळ्या नेणाऱ्या निम्म्या गावाला तिच्या पायाचा पत्ताही नाही. कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर, हे ती अशा आवाजात सांगते की पेशंटची विसरायची छाती होत नाही. आताही तोच आवाज लागला होता.

"मी वर जाणार आहे. घरातून ठरवूनच निघालेय."

"ताई, वेड लागलंय का? गेल्या वर्षी साध्या फरशीवर पडलीस, मनगट मोडलं. इथे तर नुसती वाळू!"

"फरशी सपाट होती म्हणून पडले."

बायको मदतीला धावली. "वन्सं, आपण उंट करू या ना. तो नेईल आरामात."

"मग वर उंट गेला असं होईल. मी कुठे गेले?"

ती निघाली. तीन पावलं टाकली आणि तो जड बूट घोट्यापर्यंत वाळूत रुतला. ओढून काढला, पुन्हा रुतला. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. आता ही गुपचूप परत येईल, असं मी धरून चाललो.

ती परत आली खरी, पण जीपच्या पायरीवर बसून बुटाची नाडी सोडू लागली. हा बूट ती कधीच कुणासमोर काढत नसे. घरीसुद्धा खोलीचं दार लागल्यावरच. माझी विशीतली मुलगी संकोचून दुसरीकडे बघायला लागली.

"इकडे बघ गं," ताई म्हणाली. "पायच आहे."

दोन्ही बूट जीपमध्ये ठेवून ती अनवाणी उभी राहिली. बाकीचे लोक टेकडीवर नाकासमोर चढत होते आणि घसरत होते. ताईने एकदा चढ नीट न्याहाळला, डावीकडे वळली आणि टेकडी उजव्या हाताला ठेवून तिरकी तिरकी चढू लागली.

काहीतरी वेगळं दिसत होतं. काय ते कळायला मला जरा वेळ लागला. ताई लंगडत नव्हती. आखूड पाय चढाच्या बाजूला पडत होता, लांब पाय उताराच्या, आणि अडीच इंचांची भर वाळूच घालत होती.

मुलगी धावत तिच्या मागे गेली. "आत्या, हे तुला कुणी शिकवलं?"

"रस्त्याने. रस्ता मधे उंच असतो आणि कडेला उतरता. लहानपणापासून मी डाव्याच कडेने चालते. तुझ्या बाबाला वाटतं, मी गाड्यांना घाबरते."

मला अगदी तसंच वाटत होतं. पन्नास वर्षं मी तिच्याबरोबर चाललो आणि डोळे काय कपाळाला बांधले होते कोण जाणे!

बायको म्हणाली, "मी थांबते इथे, माझे गुडघे नको म्हणतायत." मी मात्र ताई पडलीच तर सावरावं म्हणून सरळ चढायला लागलो. दोन पावलं वर, एक खाली. निम्म्या चढावर मी हातापायांवर आलो होतो, तोंडात वाळू गेली होती. मान वर केली. ताई बरीच पुढे गेली होती. तिची पाठ ताठ होती, दोन्ही खांदे एका रेषेत. अशी ती मला आयुष्यात कधी दिसली नव्हती. माझा मात्र दम संपला होता.

"ताई," मी ओरडलो, "जरा हळू चाल ना!"

ती थबकली. सावकाश मागे वळली. "काय म्हणालास?"

"हळू चाल म्हटलं!"

"पुन्हा म्हण."

"अगं, हळू चाल! आम्हाला जमत नाहीये!"

ती हसली. असं मोठ्याने की खालून जीपवाल्यानेही वर बघितलं. मग वळली आणि होती त्याच चालीने चढत राहिली. माझी मुलगी मागे पडली तरी तिने वेग कमी केला नाही.

माथ्यावर पोचल्यावर मात्र ती आमच्यासाठी थांबली.