धरलंय, धरलंय

टेलरकाकांना सायकल येत नव्हती. आता येत नसेल एखाद्याला, त्यात काय मोठंसं? पण या गृहस्थांनी निम्म्या गल्लीला सायकल शिकवली होती. तीही फुकट, आणि तीही अशा बायकांना, ज्यांना लहानपणी कोणी शिकवली नाही आणि मोठेपणी घरच्यांनी 'आता या वयात कशाला' म्हणून उडवून लावलं.

दुकान उघडायच्या आधी काका शाळेमागच्या मैदानावर हजर. गळ्यातला टेप घरी ठेवून यायचे, कारण एकदा तो चाकात गेला होता. त्यांची पद्धत एकच. बाईला सीटवर बसवायचं, मागून कॅरिअर पकडून धावायचं आणि तोंडाने 'धरलंय, धरलंय' म्हणत राहायचं. हात कधी सुटला ते बाईला कळायचंच नाही, कारण हात सोडूनही काका मागे धावत असायचे आणि 'धरलंय' चालूच. मैदानाच्या टोकाला पोचून तिने वळून बघावं, तर काका दोन्ही हात हलवून दाखवतायत.

लहानपणी ते असेच थोरल्या भावाच्या मागे धावायचे. सायकल एकच, त्यामुळे यांची पाळी कधी आलीच नाही, आणि पुढे लाज वाटायला लागली. हे फक्त काकूंना माहीत होतं. त्याही काकांकडूनच शिकलेल्या. नवऱ्याला घरात यथेच्छ छळायच्या, पण बाहेर कधी चकार शब्द काढला नाही.

आणि मग बँकेतल्या बाईंनी घाट घातला. काकांची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात बोलकी विद्यार्थिनी त्या. येत्या रविवारी सगळ्यांनी तळ्यापर्यंत सायकलने जायचं, सगळ्यांच्या पुढे काका. काकांसाठी कुणाची तरी सायकल मागून आणली, तेलपाणी केलं. काका 'हो हो, जाऊ की' म्हणाले आणि घरी येऊन भिंतीला टेकून बसले.

"सांगून टाका सरळ," काकू म्हणाल्या.

"काय सांगू? ज्याला स्वतःला येत नाही त्याच्या भरवशावर इतके दिवस बसलात म्हणून? उद्यापासून मैदानावर कुत्रं फिरकणार नाही."

"कुत्री रोज असतात तिथे. उठा, मी शिकवते."

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत दोघं गोदामामागे. काकूंनी कॅरिअर पकडलं, 'धरलंय, धरलंय' म्हणाल्या आणि काका धाडकन आडवे. पुन्हा बसले, पुन्हा आडवे. त्याचं काय होतं, हा शब्द काकांनी आयुष्यभर हात सोडून उच्चारलेला. तो कानावर पडला की त्यांना वाटायचं, झालं, सुटलं.

"अहो, खरंच धरलंय."

"मीसुद्धा असंच म्हणतो."

रोज हीच तऱ्हा. गुरुवारी काकूंचं डोकं फिरलं. कॅरिअर ढकलून देत त्या म्हणाल्या, "जा, सोडलं एकदाचं." आणि काका सुटले ते थेट गोदामाच्या दारापर्यंत. ही सोडलं म्हणतेय म्हणजे घट्ट धरून असणार, हा त्यांचा हिशोब. वळून बघितलं तर काकू लांब, तोंडावर हात ठेवून उभ्या. काकूंना हसावं की रडावं तेच कळेना. मग शनिवारपर्यंत 'सोडलंय, सोडलंय' यावरच गाडं चाललं.

रविवारी काका सगळ्यांच्या पुढे निघाले. मागोमाग काकू, हळू आवाजात 'सोडलंय' पुटपुटत, आणि त्यांच्या मागे बायकांची रांग, गप्पांचा नुसता कालवा. पहिल्याच वळणावर काकांचं हँडल डगमगलं. बँकेतल्या बाईंनी ते पाहिलं आणि अगदी मायेने ओरडल्या, "घाबरू नका काका, धरलंय." बाकीच्यांना ती गंमत वाटली. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "धरलंय, धरलंय."

काका सायकलसकट कुंपणाच्या झुडपात.

काकू उतरल्या त्या तणतणतच. "कोणी म्हटलं ते? चार ठिकाणी खरचटून घेतलंय त्यांनी, तेव्हा कुठे गुरुवारी सायकल यायला लागली." आणि मग त्यांनी जीभ चावली.

काका झुडपातून उठले, चष्मा शोधून पुसला.

"मला येत नव्हती," ते म्हणाले. "कधीच नाही. तुम्हाला शिकवताना भीती वाटायची, पण तुम्ही निघालात की इतका आनंद व्हायचा, की सांगायचं राहूनच गेलं. फसवलं तुम्हाला."

बँकेतल्या बाईंनी आपली सायकल स्टँडवर लावली.

"म्हणजे काका, तुम्ही आमच्यापेक्षा ज्युनियर."

"हो."

"मग पुढे काय कडमडताय? नवीन माणसाने मधे राहायचं. या."

बाई आणि काकू पुढे झाल्या, बाकीच्या मागे आणि काका बरोबर मधे. आपली आता शोभा होणार म्हणून आठवडाभर झोप उडालेल्या माणसाला पायडल मारताना डोळे पुसता येईनात.

आणि त्या बायका, ज्यांच्या तोंडाला मैदानावर क्षणाची उसंत नसायची, तळं येईपर्यंत मिठाची गुळणी धरून चालल्या होत्या. न जाणो, काय बोललं की काका पडतील. आपल्यासाठी कुणी इतकं गप्प बसलेलं काकांनी जन्मात पाहिलं नव्हतं.