तिचं रक्त मला दाखवलंच नाही

मी एक सूक्ष्मदर्शक. जड लोखंडी पायाचा आणि स्वभावाने जरा तापट. भल्याभल्यांना माझ्यापुढे मान खाली घालावी लागते, त्याचाही थोडा माज असेल.

लहान मुलांच्या एका डॉक्टरांनी नवा दवाखाना थाटला तेव्हा मला हौसेनं आणलं. सुरुवातीला काय लाड! काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, त्याला रंग द्यायचा आणि मला डोळा लावून बसायचं. पुढे दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरेना. मग माझ्यावर कापडी खोळ चढली आणि खोळीवर डॉक्टरांचा कोट.

एके दिवशी एक आई मुलीला कडेवर घेऊन आली. मुलीचे गुडघे सुजलेले, चेहरा पांढराफटक.

"ताप येतो-जातो, डॉक्टर. पाय टेकला की रडते."

"सांध्यांची सूज आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या देतो, पळायला लागेल बघा."

"रक्त तपासायला नको?"

"कशाला उगाच टोचायचं लेकराला?"

मी हातभर अंतरावर होतो हो! एक थेंब पुरला असता. रक्ताच्या कर्करोगाला या गोळ्या काही काळ दडवतात. सूज उतरते, रक्तही चांगलं दिसू लागतं आणि सगळे फसतात. तसंच झालं. मुलगी बरी दिसू लागली, आईनं आभार मानले, डॉक्टर खूश. माझा नुसता जळफळाट.

काही महिन्यांनी ती परत आली, अंगभर काळेनिळे डाग घेऊन. तेव्हा कुठे माझी खोळ निघाली. डॉक्टरांनी डोळा लावला तो मान वर करेचनात. तिला तातडीनं मोठ्या रुग्णालयात पाठवलं, पण अर्धवट औषधानं रोग निर्ढावला होता. मुलगी गेली.

डॉक्टरांनी दवाखान्याला टाळं ठोकलं आणि केस पिकू लागलेले असताना पुन्हा विद्यार्थी झाले. विषय मुलांचे कर्करोग आणि रक्ताचे आजार. वयानं लहान शिक्षकांची बोलणी खाल्ली. आज त्यांचा स्वतःचा विभाग आहे, मीही तिथेच असतो. स्टेरॉइडच्या आधी रक्त पाहायचं, हा तिथला नियम. कित्येक मुलं हसत घरी जातात, हे मी नाकारत नाही. पण सत्काराच्या भाषणांत ती मुलगी 'माझी प्रेरणा' होते, तेव्हा मला मिरच्या झोंबतात.

परवा तिची आई भाचीला घेऊन आली. डॉक्टरांनी स्वतः रक्त पाहिलं. साधा रक्तक्षय निघाला. सुटकेचा निःश्वास टाकून ते म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीमुळे मी या वाटेला लागलो. तिनं मला शिकवलं."

आई आवाज न चढवता म्हणाली, "शिकवायला नव्हती आणली हो मी तिला. बरी करायला आणली होती."

डॉक्टर मान खाली घालून भाचीची औषधं लिहू लागले.

माझ्या भिंगांना आता चरे पडलेत, लवकरच अडगळीत जाईन. जाताना एवढंच मागतो: तिला प्रेरणा म्हणू नका. ती एक आजारी मुलगी होती.