दहा पावलं पुढे

बतूलने भिंतीला हात टेकवून उजव्या पायातली सपात काढली आणि उलटी करून झटकली. आत खडा नव्हताच. तिने ती पुन्हा घातली, मग डावी काढली. मागून बांचा आवाज येत होता, फ्रेंचमधला, घोटून घोटून गुळगुळीत झालेला, पण जवळ येत नव्हता. कुठल्या तरी दारासमोर रमले असणार. तिसऱ्यांदा सपात काढली असती तर समोरचा मसालेवाला हसला असता, म्हणून ती उगाच जिऱ्याच्या ढिगाकडे बघत उभी राहिली.

शेवटी बांची, म्हणजे सगळ्या बाजाराच्या सी थामींची, पांढरी टोपी कोपऱ्यावर दिसली. इथे रस्ता फुटतो. डावीकडे सुतारांचा चौक, उजवीकडे चार घरं आणि पुढे बंद भिंत. त्यांची नजर डावीकडे गेली, उजवीकडे गेली, तिथे जरा घुटमळली आणि मग बतूलच्या बदामी जेलाब्यावर, त्या टोपडीच्या पायघोळ झग्यावर, येऊन टेकली. बतूल डावीकडे चालू लागली. तिच्यामागे दहा पावलांवर सी थामी, आणि सी थामींच्या मागे बेल्जियमहून आलेली सात माणसं, गळ्यात कॅमेरे, हातात पाण्याच्या बाटल्या. गेले पाच महिने हे असंच चाललं होतं.

बांना काय झालंय याला डॉक्टरांनी एक लांबलचक नाव दिलं होतं. बतूलने ते एकदा ऐकलं आणि कागद कपाटात टाकला. नाव कळून काय होणार होतं? इतिहास त्यांच्या डोक्यात जागच्या जागी होता. कुठल्या सुलतानाने कुठला मदरसा बांधला, छताचं लाकूड कुठल्या डोंगरातून आणलं, फरशीचे तुकडे कसे कापतात, सगळं खडान्‌खडा पाठ. गेली होती ती फक्त वळणं. मोरोक्कोतल्या फेझच्या जुन्या शहरात वळणं गेली म्हणजे माणसाकडे उरतं काय, ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक.

हिवाळ्यात एकदा ते चार स्पॅनिश पाहुण्यांना घेऊन भलत्याच गल्लीत शिरले आणि एका दाराची कडी वाजवू लागले. आई, दार उघड, म्हणत होते. तीस वर्षांपूर्वी विकलेलं त्यांचं घर ते. पाहुण्यांना वाटलं हाही सहलीचाच भाग, त्यांनी फोटो काढले. मआती तांबटाने ते पाहिलं, पाहुण्यांना वाटेला लावलं आणि सी थामींना हाताला धरून घरी आणलं. बतूल तेव्हा खिडकीशी बसून जेलाब्याच्या दोऱ्याच्या गुंड्या वळत होती. मआतीने दारातच सांगितलं की पोरी, यांचा वाटाड्याचा बिल्ला काढून घे.

तिने काढून घेतला. दोन आठवडे ते भिंतीकडे तोंड करून बसले. प्रत्येक जेवणाला विचारायचे की हे घर कुणाचं, आणि आपण कधी जायचं. बतूलला ते तिच्या आईच्या नावाने हाक मारत, कधी आत्याच्या, कधी नुसतंच बाई म्हणत. तिसऱ्या आठवड्यात तिने पितळी बिल्ला घासूनपुसून त्यांच्या छातीवर लावला, तर म्हातारा ताठ झाला, घसा साफ केला आणि म्हणाला, उशीर झाला, पाहुणे थांबले असतील. आता सांगा, काय करायला हवं होतं तिने? त्या तीन तासांपुरते तिला तिचे वडील परत मिळत होते. दहा पावलं मागे का असेनात, पण मिळत होते.

रोज सकाळी बिल्ला लावताना ती सांगायची की आज मी पुढे असेन, बदामी जेलाबा, माझ्या मागे यायचं. मला रस्ते शिकवतेस काय, असं ते कावून म्हणत, आणि तरी येत. हॉटेलवाल्यांना यातलं काही माहीत नव्हतं. बाजाराला सगळं माहीत होतं. कंगवेवाला तिला बघून म्हणायचा, निघाली का गं तुझी वरात? एरवी शेजाऱ्याच्या घरी काय शिजलं ते दुपारपर्यंत गावभर करणारी ही माणसं, पण या एका बाबतीत कुणाच्या तोंडून अक्षर फुटलं नाही. एका पोलिसाने एक ओळ लिहून दिली असती तरी बिल्ला गेला असता, आणि बिल्ला गेला की भिंत.

अडचण एकच होती. दहा पावलं पुढे चालण्याची ही रीत चोरट्या वाटाड्यांची. बिल्ला नसलेली ही मंडळी वेशीवर पाहुण्यांशी बोलणं ठरवतात आणि मग ओळख नसल्यासारखी पुढे चालतात. वळणावर थांबायचं, नाडी बांधायची, सपात झटकायची, मागचे दिसले की पुन्हा निघायचं. पोलीस त्यांना याच खुणेवरून धरतात. सी थामी दहा वर्षं वाटाड्यांच्या संघाचे प्रमुख होते, आणि असे चोरटे धरून देण्यात पोलिसांच्याही पुढे. आपल्या सख्ख्या मावसभावाला त्यांनी चौकीवर नेऊन बसवलं होतं. ती मावशी मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. जुने पोलीस बतूलला लहानपणापासून ओळखत, ते बघून न बघितल्यासारखं करत. पण दहा दिवसांपूर्वी वजदाहून एक नवा बदलून आला होता, तरणा, साध्या कपड्यांतला, कुणाला न ओळखणारा. तो कुठे उभा आहे हे बतूल रोज डोळ्यांनी आधी शोधायची.

सुतारांच्या चौकातल्या कारंज्यापाशी मंडळी थांबली. बतूल पाठमोरी राहून ओंजळीने पाणी प्यायली. गवती टोपी घातलेल्या एका बाईने सी थामींना विचारलं की तुम्हाला मुलंबाळं किती.

"एक मुलगी," सी थामी म्हणाले. "बतूल. सात वर्षांची आहे. शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं तिचं. आत्ता घरी मांजराच्या मागे लागली असेल."

मंडळी हसली. फ्रेंच बतूलला बांनीच शिकवलं होतं, शब्द न्‌ शब्द कळला. कित्येक आठवड्यांत कुणी तिचं नाव इतक्या मायेने घेतलं नव्हतं. तिने तोंडावर पाणी मारलं, बाहीने पुसलं आणि निघाली.

अत्तरवाल्यांच्या बाजारात गर्दी होती. एक खेचरवाला बालाक, बालाक, बाजूला व्हा, असं ओरडत कातड्यांचा भारा घेऊन आला, सगळे भिंतीला चिकटले, आणि सी थामी एका दुकानाच्या पायरीवर चढून तिच्याकडे टक लावून बघत राहिले. बतूलला बरं वाटलं. आज लक्ष आहे त्यांचं, असं तिला वाटलं. पुढच्या वळणावर त्यांचा आवाज मधेच थांबला, वाक्य अर्धंच राहिलं. दमले असतील, तिने मनात म्हटलं, आणि चाल कमी केली. तिसऱ्या वळणावर तिने मागे पाहिलं तर ते अजून तिच्याकडेच बघत होते, भुवया जवळ आणून. लहानपणी खोटं बोलताना पकडलं की असेच बघायचे.

तांबट आळीच्या चौकात हातोड्यांचा दणदणाट चालला होता. मआती आपल्या ओट्यावर हंडा मांडीत घेऊन ठोकत होता. झाडाखाली तो वजदाचा पोलीस उभा होता. बतूल त्याच्या अंगावरून खाली मान घालून गेली आणि चौकाच्या पार टोकाला एका पातेल्याची किंमत विचारू लागली. तिला मागून आवाज ऐकू आला नाही, म्हणून तिने वळून पाहिलं. सी थामी पाहुण्यांना सोडून सरळ पोलिसाकडे चालले होते. बिल्ला त्यांनी दोन बोटांनी पुढे धरला होता.

जेव्हा ते बोलू लागले तेव्हा मआतीचा हातोडा थांबला, मग शेजारच्याचा, मग तिसऱ्याचा.

"साहेब, ती बदामी जेलाब्यातली बाई. सकाळपासून आमच्या पुढे चाललीय. प्रत्येक वळणावर थांबते, सपात झटकते, आम्ही आलो की पुढे होते. माझे पाहुणे फोडायला बघतेय. चाळीस वर्षं असले लोक पकडतोय मी, माझी नजर चुकत नाही."

आणि खरंच चुकली नव्हती. एकूण एक गोष्ट बरोबर सांगितली होती. इतके नेटके, इतके जागे ते कित्येक महिन्यांत झाले नव्हते. बतूलच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर बा बरे झाले. मग पुढचं ध्यानात आलं, आणि तिने पातेल्यावरचा हात काढून घेतला.

पोलिसाने तिला जवळ बोलावून ओळखपत्र मागितलं. ते तिच्या पिशवीत होतं, आणि त्याच्यावर बापाचं नाव होतं. तिने पिशवी काखेत दाबून धरली आणि घरी राहिलं म्हणून सांगितलं. नाव विचारलं तर तिने आईचं सांगितलं, आडनाव पुटपुटली. घरात कोण आहे, तर कुणी नाही. ओट्यावर मआती उठून उभा राहिला होता, तोंड उघडलं होतं त्याने. बतूलने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा खाली बसला.

"या हाजींना ओळखतेस?" पोलिसाने विचारलं.

बतूलने बांकडे पाहिलं. सकाळी तिनेच त्यांची दाढी केली होती, कानाखाली थोडे केस राहून गेले होते. ते तिच्याकडे रागाने बघत नव्हते. अनोळखी माणसाकडे बघतात तसं, थोडं उत्सुकतेने बघत होते.

"नाही," ती म्हणाली.

तेव्हा सी थामी दोन पावलं पुढे आले आणि आवाज खाली आणला. गेल्या पाच महिन्यांत घराबाहेर ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"कुणाची गं तू पोरी? बाप आहे ना?"

"आहे."

"मग त्याच्या तोंडाला काळं फासलं जाईल असलं काही करू नये." मग ते पोलिसाकडे वळले. "हात उगारू नका हिच्यावर, साहेब. मलाही एक पोर आहे."

पोलिसाने मान हलवली. त्याला ही तक्रार एवढी वाढायला नको होती, पण इतक्या माणसांदेखत बिल्लेवाल्या म्हाताऱ्याने सांगितल्यावर सोडणार कसं? चौकी शहराच्या रसीफ दरवाजाशी आहे. पाहुण्यांची बसही तिथेच उभी राहते. तो भला माणूस असावा. मशिदीच्या मागच्या बोळाने नेतो, म्हणाला, तिकडे कुणी नसतं. इथे धरलेला प्रत्येक जण हेच मागतो, पाया पडून मागतो. बाईमाणसाला तर ते न मागताच द्यावं लागतं.

सी थामी पाहुण्यांकडे परतले होते. त्यांचं काम झालं होतं आणि चेहरा उजळला होता. त्यांनी हात वर केला, चला म्हणाले, आणि थांबले. तांबट आळीतून चार वाटा फुटतात. त्यांनी एक बघितली, मग दुसरी. गवती टोपीवाली बाई वाट बघत होती. सी थामींचा वर केलेला हात हळूहळू खाली आला आणि जेलाब्याच्या खिशाशी काहीतरी चाचपू लागला.

"बोळातून नको," बतूल पोलिसाला म्हणाली. "रंगाऱ्यांच्या गल्लीतून न्या."

"अगं, तिथे सगळा बाजार बसलाय. सगळे बघतील तुला."

"बघू देत."

ती वेडी असल्यासारखं पोलिसाने तिच्याकडे पाहिलं. मग खांदे उडवले आणि तिच्या कोपराला धरून गल्लीकडे निघाला. बतूल डोक्यावरची टोपडी मागे सारून चालली, जेलाबा चौकातल्या सगळ्यांना दिसेल अशी, चौकाच्या अगदी मधून. रंगाऱ्यांच्या दुकानांतून माणसं बाहेर आली. हात निळे-लाल झालेली ही माणसं तिला जन्मापासून ओळखणारी होती, आणि पोलिसाचा हात तिच्या कोपरावर होता. एका म्हातारीने तोंडावर ओढणी घेतली. कुणीतरी पोलिसाला काही विचारलं, तो पुढे चालत राहिला. तिच्या मागून अजून काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त हातोडे पुन्हा एकेक करून सुरू झाले होते.

गल्लीत पुलाच्या अलीकडे एक वळण आहे. तिथे ती थांबली.

"आता काय?" पोलीस म्हणाला.

"दम लागलाय."

तो थांबला. तिने भिंतीला पाठ टेकवली आणि जमिनीकडे बघत श्वास मोजले. मग हातोड्यांच्या आवाजातून फ्रेंच ऐकू येऊ लागलं, आधी तुटक, मग स्पष्ट. नीट बघून घ्या, सी थामी पाहुण्यांना सांगत होते, आमच्या गावात चोरट्या वाटाड्यांना हे असं धरून नेतात, सर्वांदेखत, म्हणजे पुन्हा कुणी धजावत नाही. कॅमेऱ्यांचा आवाज आला. बतूलने मान वर केली नाही. आवाज दहा पावलांवर येईपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग पोलिसाला म्हणाली, चला.