बाबागाडीतली बॅटरी

"रविवारी तो येईल, मग बघू. तोवर गाडीला हात लावायचा नाही," सासऱ्यांनी फर्मान काढलं.

तो म्हणजे तिचा नवरा, कामासाठी परगावी. आणि आज होता मंगळवार. उद्या सकाळी सातला तिला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत हजर व्हायचं होतं. बाळंतपणाच्या रजेनंतरचा पहिला दिवस. इतक्या पहाटे बस नव्हती, आणि सहा महिने उभ्या उभ्या गाडीची बॅटरी पार मान टाकून बसलेली. पहिल्याच दिवशी दांडी पडली तर पुढचं वाक्य तिला पाठ होतं: ‘राहू दे गं, बाळ मोठं होईपर्यंत घरीच थांब.’

बाळ नुकतंच झोपलं होतं. म्हणजे हाताशी पाऊण तास.

तिने बॉनेट उघडलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि बोटातली अंगठी ओढू लागली. बोटं अजून सुजलेली, निघते कसली!

"अगं बाई, अंगठी कशाला काढतेस?" सासूबाई दारातूनच किंचाळल्या.

"पाना धरताना अंगठी पत्र्याला टेकली ना आई, तर करंट तिच्यातून जाऊन बोट भाजून निघेल."

सासूबाई आत गेल्या. परतल्या त्या ओला साबण घेऊन.

तिने भांडी घासायचे रबरी मोजे चढवले, डोळ्यांवर चष्मा लावला.

"आधी लाल वायर सोड," सासरे पायरीवरून म्हणाले. "बावीस वर्षं गाडी चालवलीय मी."

"कुठली लाल, बाबा?"

ते वाकून बघायला आले. दोन्ही वायरी लालभडक! मागच्या वर्षी सालपटं निघाली तेव्हा घरात सापडलेली एकुलती एक चिकटपट्टी त्यांनीच मोठ्या हौसेने दोन्हींना गुंडाळली होती.

"पट्टी चांगली टिकलीय," ते पुटपुटले.

तिने फडक्याने बॅटरीचं डोकं पुसलं. धुळीखालून बारीकशी आडवी रेघ निघाली: वजा. तिथली वायर थेट गाडीच्या पत्र्याला आवळलेली.

"ही आधी."

"उलटं करतेयस."

"अधिकची आधी सोडताना पाना पत्र्याला टेकला, तर ठिणगी उडेल. ही सुटली की टेकेना का कुठेही."

"आणि हात भाजला तर मला सांगू नकोस!"

"नाही सांगणार," म्हणत तिने पाना फिरवला. वजाची वायर सुटली. ती फडक्यात गुंडाळून बाजूला सारली. मग अधिकची. मग बॅटरी दाबून धरणारी पट्टी. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून तिने बॅटरी उचलली. चांगली बाळाच्या दुप्पट! पण बाळ वळवळतं, ही निदान गुमान राहिली.

बॅटरीवाला दुकानदार संध्याकाळपर्यंत चार्ज करून देणार होता. पण दुकान दोन गल्ल्या पलीकडे. तिने बाबागाडीत प्लॅस्टिकचं घमेलं ठेवलं, त्यात बॅटरी उभीच्या उभी बसवली आणि बाजूंनी जुनी दुपटी खोचली.

"लोक काय म्हणतील!" सासरे.

"तुम्ही बाळाकडे बघा हो," सासूबाई म्हणाल्या. "उठेल आता."

ती फाटकाबाहेर पडली. मागून सासऱ्यांचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीतला, "बसवताना कुठली आधी?"

"अधिकची!" ती न वळता ओरडली.

कोपऱ्यावर शेजारीणबाई कौतुकाने वाकल्या. "झोपलंय वाटतं?"

"हो ना," ती म्हणाली. "उद्या सहाला उठवायचंय. कामावर जायचंय आम्हाला."